हसवून कामाला लावणारे आपले गाडगेबाबा

दिंडीच्या शंभर वर्षांच्या या पुस्तकात आम्ही आपल्या वऱ्हाडातल्याच गाडगेबाबांचं चरित्र लिहायला मागून घेतलं. आम्ही शेतकरी, शिक्षण चौथी. कीर्तनात बोलतो तसंच लिहिलं आहे, गोड मानून घ्यावं.

बाबांचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, जात परीट. अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ ला जन्म. बाप दारूपायी लवकर गेला. माय सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजी तिथं मामाची ढोरं राखू लागले. पुढं नांगर म्हणा, वखर म्हणा, सगळ्या कामात हात बसला. पोहण्यात पटाईत, अन् रात्री भजनाला पुढं. मामाचं वावर सावकाराच्या कर्जात गेलं, तवा अक्षर न येणाऱ्याचं कसं होते हे त्याईनं डोळ्यानं पाहिलं. म्हणूनच पुढं जन्मभर कीर्तनात सांगत राहिले, का जेवायचं ताट विका, भाकर हातावर घेऊन खा, पण लेकरू शाळेत घाला.

पोरीच्या बारशाला जातीच्या रिवाजानं बकरं अन् दारू लागे. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रुसले, पण ते बधले नाहीत.

१९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी, जेवायला मडक्याचं खापर. पोट्टे हसत, बाबा त्यायच्यासंग हसत. गावात शिरले का आधी खराटा. दिवसभर रस्ते, नाल्या झाडायच्या, अन् दिवसा झाडणारा तोच माणूस रात्री कीर्तनाला उभा. नुसतं सांगत नसत, लोकायले विचारत. देवापुढच्या नैवेद्याला कुत्रं तोंड लावते, देव त्याले हाकलत नाही, मग तो तुमचं बकरं कायले मागंन, असं विचारून सभा हसवत. आम्ही स्वतः कीर्तनकार, म्हणून सांगतो, लोकांना हसवणं सोपं आहे. हसून झाल्यावर त्याच लोकांनी दारू सोडावी, बकरं सोडावं, सकाळी हाती खराटा घ्यावा, हे अवघड. बाबांना ते साधत होतं, कारण त्याईचे स्वतःचे हात आधी मळलेले असत.

ऋणमोचनला पूर्णेच्या काठी जत्रेत माणसं चिखलात घसरत, तिथं बाबांनी घाट बांधायला घेतला अन् स्वतः राबले. नाशिकला, पंढरपूरला, देहू-आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. दवाखान्याजवळ रोग्यांच्या नातेवाइकांची सोय केली. ज्यांना पंढरीत कोणी ओसरीवर टेकू देत नव्हतं त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ती पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेला देऊन टाकली. लाखाचं बांधकाम केलं, पण घरच्यांसाठी त्यात एक खोली ठेवली नाही. कुंताबाई अन् लेकरं गरिबीतच राहिली. एकुलता एक पोरगा गेल्याची खबर आली, तवाही हातातलं कीर्तन पुरं केलं. ही दुसरी बाजूही आपण विसरू नये. आपल्याला मिळालेल्या सावलीची किंमत त्या घरानं दिली आहे.

कोणाला पाया पडू दिलं नाही, पडणाऱ्यावर काठी उगारत. शिष्य केला नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडं येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच देह ठेवला. समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे, येता-जाता दर्शन घ्यावं.

मायबापहो, वारीत मुक्काम उठला का मागं पत्रावळ्या अन् पाण्याच्या बाटल्या पडलेल्या दिसतात. ज्या गावानं आपल्याला भाकर दिली, त्याच गावाला त्या उचलाव्या लागतात. बाबांच्या फोटोला हार घालायला आमची ना नाही. पण दिंडीच्या दुसऱ्या शंभरीत वीणा-पताकेच्या संग गाडीत दहा खराटे घ्यावे, अन् पहिला खराटा विणेकऱ्यानं धरावा, एवढीच आमची पंचांना विनंती. रामकृष्ण हरी!