पीसीमध्ये रिकामे स्लॉट ठेवणारे डॉन एस्ट्रिज

जुना पीसी उघडला की आत काळ्या, लांबट स्लॉटची रांग दिसते. त्यातले बरेचसे रिकामे. मग दिलेच कशाला? उत्तरासाठी डॉन एस्ट्रिज यांच्याकडे जावं लागतं.

जन्म १९३७ चा, अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा. इंजिनिअर होऊन १९५९ मध्ये ते आयबीएममध्ये लागले. १९८० मध्ये पर्सनल कॉम्प्युटर बनवायचं काम त्यांच्याकडे आलं. मुदत साधारण एक वर्ष! एवढ्यात सगळं घरीच बनवणं अशक्य. त्यांच्याकडे स्वतःचा अ‍ॅपल टू होता, आणि त्यात आठ स्लॉट होते.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी आला. त्यात पाच स्लॉट. स्क्रीनला एक कार्ड, फ्लॉपीला दुसरं, कारण मदरबोर्डवर या सोयीच नव्हत्या. उरलेले तीन रिकामे. कुणाला जास्त मेमरी हवी, कुणाला मोडेम, ते ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाय सर्किटचे नकाशे मॅन्युअलमध्ये छापून विकायला ठेवले. सगळं गुपित ठेवणाऱ्या आयबीएमसाठी हे भलतंच होतं. बाहेरच्या कंपन्यांनी कार्डांचा धडाका लावला.

१९८३ च्या एक्सटीमध्ये आठ स्लॉट झाले. त्यातला पॉवर सप्लायजवळचा आठवा मात्र विचित्र. तिथल्या कार्डाने आपली निवड झाल्याचा वेगळा सिग्नल मदरबोर्डला द्यावा लागे. आयबीएमच्या सिरीयल कार्डाला ते जमायचं, बाहेरच्या अनेक कार्डांना नाही. त्यामुळे तो स्लॉट बऱ्याचदा पडूनच राहायचा.

खुलेपणाची किंमतही होती. कॉम्पॅकसारख्यांनी हुबेहूब चालणारे पीसी काढले आणि आयबीएमचा ताबा सुटत गेला. स्टीव्ह जॉब्स यांनी एस्ट्रिजना अ‍ॅपलमध्ये बोलावलं, ते गेले नाहीत. १९८५ मध्ये त्यांना पीसी विभागातून काढून उत्पादन विभागात पाठवलं गेलं. वरकरणी बढतीच. त्याच वर्षी २ ऑगस्टला डॅलसच्या विमान अपघातात ते आणि त्यांची पत्नी दोघंही गेले. वय अवघं ४८.

दोन वर्षांत आयबीएमने पीएस/२ आणला. त्याच्या नव्या स्लॉटमध्ये जुनी कार्डं बसत नव्हती आणि ते वापरायला इतरांना पैसे मोजावे लागणार होते. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी एस्ट्रिजच्या काळातलाच स्लॉट वाढवून नवा बनवला. जुनी कार्डं त्यात बसत होती.