मैदान सुटले, खेळ सुटला नाही

विजय मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत झाला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४, त्यांच्या पुढे फक्त ब्रॅडमन. १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा काढल्या. त्याच कसोटीत क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि चाळिशीत त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

पुढे ते निवड समितीचे अध्यक्ष झाले, रेडिओवरून घराघरांत पोहोचले. उरलेली ताकद मात्र त्यांनी अपंगांच्या कामाला दिली.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पेठ इस्लामपूरचे जवान मुरलीकांत पेटकर यांचे पाय निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो. दंड, खांदे आणि श्वास यांना भरपूर व्यायाम मिळतो. १९७२ मध्ये हायडेलबर्ग पॅरालिम्पिकला जाण्याच्या खर्चासाठी मर्चंट यांची संस्था पुढे आली. पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मर्चंट गेले.

वरंध-पोलादपूरच्या वाड्यांवर झाडावरून पडून मणक्याला इजा झालेला तरुण घरात असेल, तर त्याला खाटेवर खिळवून ठेवू नका. अनेकदा खांदे, दंड आणि उमेद शाबूत असतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला व्यायाम द्या, खेळ द्या. मर्चंट यांनी पेटकरांसाठी केले ते एवढेच: वाट मोकळी करून दिली.