दिशेचा शोध घेणारा शास्त्रज्ञ

सूर्याच्या पोटात चालणारी अणुकेंद्रीय संमीलनाची क्रिया पृथ्वीवर घडवून तिच्यापासून वीज मिळवावी, हा विज्ञानाचा अनेक दशकांचा ध्यास आहे. इंधनातील अणुकेंद्रांच्या परिवलनाची दिशा आधीच जुळवून घेतली तर हे कार्य सुकर होईल काय, याचाही शोध चालू आहे. या विचाराचे मूळ ज्यांच्या प्रयोगांत आहे, त्या ओटो स्टर्न यांचे चरित्र म्हणूनच मननीय ठरते.

स्टर्न यांचा जन्म १८८८ साली, तेव्हा जर्मनीत आणि आज पोलंडमध्ये असलेल्या एका गावी, धान्याचा व्यापार करणाऱ्या ज्यू कुटुंबात झाला. १९१२ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते आइन्स्टाइन यांच्यापाशी गेले. त्यांचा पिंड सैद्धांतिकाचा. तथापि सिद्धांताची कसोटी प्रयोगच होय, या निष्ठेने ते प्रयोगशाळेकडे वळले. अणूला चुंबकीय क्षेत्रात ठरावीक दिशाच घेता येतात, हे नव्या पुंजसिद्धांताचे म्हणणे अनेकांना निव्वळ गणिती कल्पना वाटे. स्टर्न यांनी ते पारखून पाहण्याचे ठरविले. त्यांनी आखलेला प्रयोग वाल्टर गेर्लाख यांनी १९२२ साली फ्रांकफुर्ट येथे तडीस नेला. विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडलेला चांदीच्या अणूंचा झोत पसरट न होता दुभंगला. वस्तुतः हा इलेक्ट्रॉनच्या परिवलनाचा परिणाम होता. पण परिवलनाची कल्पनाच १९२५ मध्ये पुढे आली!

पुढे हॅम्बुर्ग येथे स्टर्न यांनी प्रोटॉनचे चुंबकीय परिबल मोजावयास घेतले. उत्तर सिद्धांताने आधीच दिलेले असताना हा खटाटोप कशाला, असे जाणत्यांना वाटत होते. १९३३ साली उत्तर आले, ते अपेक्षेच्या सुमारे अडीचपट! त्याच वर्षी नाझी राजवटीने ज्यू विद्वानांना पदांवरून दूर केले. सहकाऱ्यांवरील अन्याय पाहून स्टर्न यांनी राजीनामा दिला आणि अमेरिकेतील पिट्सबर्ग गाठले. दहा वर्षांत उभे राहिलेले संशोधनकेंद्र काही महिन्यांत उजाड झाले. १९४३ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले, ते परदेशी असताना. १९६९ मध्ये बर्कली येथे ते निवर्तले.

१९८२ साली कुल्सरुड, फर्थ, व्हॅलिओ व गोल्डहाबर या चौघांनी असे मांडले की, ड्यूटेरियम व ट्रिटियम यांच्या अणुकेंद्रांची परिवलने एकाच दिशेने जुळविल्यास त्यांच्या संमीलनाची शक्यता दीडपटीपर्यंत वाढते. दहा कोटी अंशांहून अधिक तापमानाच्या प्लाझ्मात ही शिस्त टिकेल कशी, ही शंका स्वाभाविक होती. गणित सांगते की, पुरेसा काळ टिकेल. मात्र प्रत्यक्ष अणुभट्टीतील तप्त प्लाझ्मात त्याची प्रचीती येणे बाकी आहे.

अशा वेळी आशेने हुरळून जाणे व्यर्थ, आणि उपहास करणे त्याहून व्यर्थ. गणित कितीही सुबक असो, ते मोजून पाहिले पाहिजे, हाच स्टर्न यांच्या आयुष्याचा धडा आहे. तात्काळ उपयोग न दिसणाऱ्या मोजमापांवर खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांनी आणि विद्वानाची जात वा धर्म पाहून त्याला दार दाखविणाऱ्यांनी तो विसरू नये. ज्ञानाचे पीक अनेक पिढ्यांनी हाती येते. बियाणे मात्र एका वर्षात नष्ट करता येते.