चिखलांतील सृष्टीचे संशोधक : सर्जी विनोग्राड्स्की

सर्जी विनोग्राड्स्की ह्यांचा जन्म सन १८५६ मध्यें कीव्ह येथें झाला. प्रथम त्यांनीं पियानोवादनाचा अभ्यास केला. पुढें ते वनस्पतिशास्त्राकडे वळले. स्ट्रासबुर्ग येथें गंधकाच्या झऱ्यांतील जंतूंचें निरीक्षण करून सन १८८७ मध्यें त्यांनीं दाखविलें कीं, हे जंतु दुर्गंधी हायड्रोजन सल्फाइड वायूपासून जीवनशक्ति मिळवितात. निर्जीव द्रव्यावरही प्राणधारण होतें, ही कल्पना त्या काळीं अपूर्व होती.

त्यांच्या नांवाचा प्रयोग आजही शाळांतून होतो. गोरेगांवच्या खाडीकांठचा काळा चिखल कांचेच्या उंच बरणींत घेऊन त्यांत कागदाचे तुकडे व अंड्याचा बलक मिसळावा, वर पाणी घालावें आणि बरणी उजेडांत ठेवावी. बलकांतील गंधकयुक्त सेंद्रिय द्रव्यें कुजून तोच वायु निघतो. कांहीं आठवड्यांनीं प्रकाशाच्या साह्यानें त्यावर जगणाऱ्या हिरव्या व जांभळ्या जंतूंचे थर कांचेवर दिसूं लागतात.

रशियन राज्यक्रांतीनंतर त्यांना मायदेश सोडावा लागला. वय साठीपलीकडे गेलें होतें. तरी सन १९२२ मध्यें पाश्चर संस्थेच्या निमंत्रणावरून त्यांनीं फ्रान्समध्यें मृत्तिकेंतील जंतूंचें संशोधन नव्यानें आरंभिलें. सन १९५३ मध्यें त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थीमित्रहो, ज्या चिखलास आपण नाक मुरडतों, त्यांतच त्यांना विद्येचें भांडार सांपडलें. आणि देश सुटला तरी ती विद्या त्यांच्यापासून सुटली नाहीं.