वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

गणेशपुरीच्या भाविकांस शेजारचे वज्रेश्वरीचे मंदिर परिचित आहेच. सन १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली व नवसाप्रमाणे ते मंदिर बांधविले, अशी परंपरा आहे. ज्या सत्तेचा तेव्हा उत्तर कोकणात अस्त झाला, तिच्याच छत्राखाली ह्या प्रांती ख्रिस्ती धर्माचा विस्तार झाला होता. त्या काळात जन्मलेल्या एका वसईकराचे चरित्र ह्या महोत्सवप्रसंगी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सन १५३४ च्या तहान्वये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. व्यापारी व सैनिक यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन व पुढे येशूसंघीय धर्मगुरू आले, आणि राजाश्रयाने देवळे व शाळा उभ्या राहिल्या. सुमारे सन १५५७ मध्ये गोन्सालो वसईस जन्मले. पिता पोर्तुगीज व माता ह्याच मातीतील. येशूसंघीयांपाशी शिक्षण घेऊन ते पंधरासोळा वर्षांच्या वयात त्यांच्याच समवेत जपानास गेले, तेथील भाषा उत्तम शिकले व धर्मशिक्षक झाले. येशूसंघात प्रवेश न मिळाल्यामुळे त्यांनी काही काळ व्यापार केला. त्यात यश आले, परंतु चित्त रमेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले.

सन १५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या स्पॅनिश सुभेदाराचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांजकडे निघाले. त्यांचे दुभाषे म्हणून गोन्सालोही गेले. क्योतोस देऊळ व रुग्णालय उभे राहिले.

परंतु सन १५९६ मध्ये सान फेलिपे नामक स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. आधी धर्मगुरू येतात व मागून सैन्य येते, अशा आशयाचे उद्गार त्यावरील नाखव्याने काढल्याचे सांगतात. हिदेयोशींचा संशय बळावला. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक असे सव्वीस जण पकडले गेले. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत चालविले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारिले.

ज्या साम्राज्यांच्या जहाजांनी गोन्सालोंस जपानास पोहोचविले, त्यांच्याच लोभाच्या संशयाने त्यांचा प्राण घेतला. राजाश्रयाने धर्माची वाट सुकर होते, तशी ती कलंकितही होते, हे ह्या चरित्रावरून आम्हांस दिसते. गोन्सालोंपाशी मात्र ना तोफ होती ना तलवार. परक्यांची भाषा, रुग्णांची सेवा व अढळ निष्ठा एवढेच त्यांचे धन होते.

सन १६२७ मध्ये त्यांस धन्य व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. भारतभूमीत जन्मलेले ते पहिले संत होत. वसईवरील पोर्तुगीज निशाण कधीच उतरले, परंतु श्रद्धा टिकली. कारण तिचे मूळ किल्ल्याच्या तटात नव्हते. शेजाऱ्याची सेवा निःशस्त्र हातांनी करण्याचे बळ ह्या आमच्या संताच्या मध्यस्थीने आम्हां सर्वांस लाभो, हीच प्रार्थना.