विश्लेषण : महाबळेश्वरच्या कड्यांवर साहेबांची नावे, मग प्रतापसिंह महाराज कुठे?

महाबळेश्वरला गेलेला पर्यटक एकामागून एक पॉइंट पाहतो. एल्फिन्स्टन, लॉडविक, केट्स, आर्थर सीट. यांतील अनेक नावांशी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांचे आयुष्य जोडलेले होते. या डोंगरावर येणारा रस्ता त्यांनी बांधला, जागा त्यांनी दिली आणि त्यानंतर दहाच वर्षांत त्यांची गादी गेली. त्यांचे आयुष्य आणि हे कडे यांचा संबंध काय?

हे कडे नेमके कसे आहेत?

इंग्लंडमधील डोव्हरचे पांढरेशुभ्र कडे सागरी सूक्ष्मजीवांच्या अवशेषांपासून बनलेल्या खडूच्या दगडाचे आहेत. सह्याद्रीचे कडे मात्र काळे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून बनलेला हा बेसॉल्ट. महाबळेश्वरच्या माथ्यावर त्यावर जांभ्या दगडाचे टोपण आहे. समुद्र इथून दूर असला, तरी हा कडा कोकण किनाऱ्याला समांतर धावतो आणि पावसाळी ढग अडवतो. माथ्यावर उगम पावणारी कृष्णा पूर्वेकडे वळून वाई, कऱ्हाड करत सांगलीला जाते, तर सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. ‘संयमाचा कडेलोट’ असे आपण सहज म्हणतो. हा शब्दही गडावरून ढकलून देण्याच्या जुन्या शिक्षेतून आलेला आहे.

प्रतापसिंह गादीवर कसे आले?

त्यांचा जन्म १७९३ चा. वडील दुसरे शाहू महाराज यांच्या निधनानंतर १८०८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी ते छत्रपती झाले. मात्र सत्ता पेशव्यांच्या हाती होती आणि छत्रपती साताऱ्यात जवळपास नजरकैदेत होते. इंग्रजांशी युद्ध पेटल्यावर राजकुटुंबातील मंडळींना कोयनेच्या खोऱ्यावरील वासोटा किल्ल्यावर ठेवण्यात आले. दुसऱ्या बाजीरावाने पळताना महाराजांना सोबत नेले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या ताब्यात आले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्याच वर्षी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. पेशवाईचा शेवट करताना मराठा सरदारांना शांत ठेवणारा राजा कंपनीला हवाच होता.

राज्य केवढे होते?

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने सीमा ठरल्या. उत्तरेला नीरा, दक्षिणेला वारणा व कृष्णा आणि पश्चिमेला सह्याद्रीचे कडे. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळ्याचा भाग याच राज्यात होता. जत, फलटण, औंध, अक्कलकोट येथील जहागीरदार साताऱ्याच्या छत्राखाली होते. सुरुवातीला कारभार रेसिडेंट ग्रँट डफ यांनी पाहिला, १८२२ मध्ये तो महाराजांकडे आला. त्यांनी रस्ते केले, महादरे तलावाचे पाणी साताऱ्यात आणले आणि शाळा काढली. कामाची बारीक नोंद ठेवणारा राजा अशी त्यांची ख्याती होती.

महाबळेश्वर इंग्रजांकडे कसे गेले?

१८२४ मध्ये पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी या पठारावर आला आणि इथल्या थंड हवेची चर्चा सुरू झाली. रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यांच्या आग्रहावरून महाराजांनी साताऱ्याहून इथवर चांगला रस्ता बांधला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ च्या करारात ही जागा घेतली. मोबदल्यात महाराजांना खंडाळा गाव मिळाले. हे खंडाळा बोरघाटातले नव्हे, वाईजवळचे. नव्या वस्तीचे नाव माल्कमपेठ पडले. पुढे माल्कम यांची मुलगी केट हिच्यावरून केट्स पॉइंट आणि तिथे घर बांधणाऱ्या आर्थर मॅलेट यांच्यावरून आर्थर सीट ही नावे रूढ झाली.

मग बिघडले कुठे?

जहागीरदारांवरील हक्कांवरून महाराज व मुंबई सरकार यांच्यात वाद वाढत गेला. १८३६ मध्ये कंपनीच्या शिपायांना फितवल्याच्या आरोपाची गुप्त चौकशी झाली. पुढे गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधल्याचे आरोपही जोडले गेले. त्या चौकशी समितीत साताऱ्याचे तत्कालीन रेसिडेंट होते तेच पीटर लॉडविक. आज महाबळेश्वरच्या एका कड्याला त्यांचे नाव आहे आणि तिथे त्यांचा स्मृतिस्तंभही आहे.

१८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यात आले. तहभंग मान्य करणाऱ्या कागदावर सही करा, गादी राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. न केलेला गुन्हा कबूल करण्यास महाराजांनी नकार दिला. सही केली असती तर राज्य वाचले असते, पण चारित्र्यावर कायमचा डाग राहिला असता. सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्रीच त्यांना राजवाड्यातून नेण्यात आले आणि पुढे काशीला पाठवण्यात आले. सोबत गेलेले चुलतभाऊ बाळासाहेब सेनापती वाटेतच मरण पावले. गादीवर धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवण्यात आले. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव त्यांच्याच काळात, १८४२ मध्ये झाला.

न्याय मिळाला का?

नाही. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये तब्बल तेरा-चौदा वर्षे दाद मागितली. माजी रेसिडेंट ब्रिग्ज यांच्यासारख्या काही इंग्रजांनीही महाराजांची बाजू मांडली. पण निकाल बदलला नाही. १८४७ मध्ये काशीतच महाराजांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी आप्पासाहेब वारले आणि औरस वारस नाही म्हणून डलहौसीने सातारा संस्थान खालसा केले. या धोरणाचा तो पहिला बळी. रंगो बापूजी परतले ते बंडाच्या तयारीलाच लागले. १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड देण्यात आला, त्यांत त्यांचा मुलगाही होता.

आज या कड्यांवर गादी देणारे एल्फिन्स्टन आहेत, चौकशीला बसलेले लॉडविक आहेत, जागा घेणाऱ्या माल्कम यांची मुलगीही आहे. रस्ता आणि जागा देणाऱ्या राजाचे नाव मात्र या प्रसिद्ध पॉइंटांपैकी एकालाही नाही.