खराट्याने केलेली पूजा

23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर पुढे गाडगेबाबा म्हणून ओळखले गेले. वडील व्यसनापायी अकाली गेले. मामाच्या घरी गुरे राखीत, शेतात राबत डेबूजी वाढले. शाळेची पायरी त्यांना चढता आली नाही. 1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार.

गावात शिरताच बाबा रस्ते झाडू लागत; रात्री कीर्तनातून व्यसन, कर्ज, अस्पृश्यता व पशुबळी यांवर प्रहार करीत. पंढरीस गेले तरी त्यांची सेवा चाले ती देवळाबाहेर. उघड्यावर निजलेला वारकरी, भुकेला, महारोगी यांच्यातच त्यांना देव दिसे. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा, अन्नछत्रे व शाळा उभारल्या. स्वतःसाठी काहीच ठेवले नाही. अस्पृश्य वारकऱ्यांना निवारा देणारी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. जेवणाचे ताट विकावे लागले तरी मुलांना शिकवा, अशी विनवणी हा निरक्षर संत आईबापांना करीत राहिला.

20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ, प्रवासातच, त्यांनी देह ठेवला.

दिल्लीकर मराठी कुटुंबांना पंढरपूर दूर आहे. बाबांची पूजा मात्र येथेही करता येते: आपल्या दारापुढचा रस्ता झाडून, उन्हात राबणाऱ्या मजुराला पाणी देऊन, मागे पडलेल्या सोबत्याला जवळ बसवून शिकवून.